उलटी बंडी

देवीला आपलं ऐकू जात असेल, पण किती लांबून जात असेल? हा प्रश्न मला पडला तेव्हा घरात माझी बायको गिरजा हिवाने कुडकुडत पडली होती. प्रश्न भक्ताला शोभणारा नव्हता हे मलाही कळत होतं. पण माझा स्वभाव पहिल्यापासून चौकस. विहिरीला पाणी लागलं की लोक नारळ फोडतात, आणि मी काठावर पालथा पडून झरा कुठल्या बाजूने फुटला ते बघत बसतो. गिरजा यावरून मला नेहमी चिडवायची. "तुमी देवाच्या दारी गेले तरी पयले चौकटीचं लाकूड कशाचं हाय ते इचारसान," असं म्हणायची. ती अंथरुणाला खिळल्यापासून मात्र चिडवणंही बंद झालं होतं, आणि घर अगदी मुकं झालं होतं.

आम्ही अचलपूरचे माळी. सापन नदीच्या काठाला आमचा मळा, त्यात वांगी, भेंडी, काकड्या, पालक, आणि बांधाला झेंडू. ते दिवस कापसाचे होते. सातासमुद्रापलीकडे अमेरिका नावाच्या मुलखात भाऊभाऊ एकमेकांवर तोफा डागत होते, तिकडचा कापूस विलायतेला पोचत नव्हता, आणि म्हणून आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला सोन्याचा भाव आला होता. कोण कुठले भांडणारे आणि कोण कुठले आम्ही, याचं मला राहून राहून नवल वाटे. वऱ्हाडात ज्याने त्याने उंबरठ्यापर्यंत कापूस पेरला. आमच्या भाऊबंदांनी मिरच्या उपटल्या, फुलझाडं उपटली. आमची जमीन नदीलगत, कपाशीला फार ओली, म्हणून आम्ही भाजीपाल्यालाच धरून राहिलो. लोक हसले. पण भाजी मिळेनाशी झाली तसे परतवाड्याच्या छावणीतले सगळे खानसामे आमच्याच मळ्यावर येऊ लागले.

गिरजाला श्रावणात हिव सुरू झालं. दिवसाआड यायचं, तेही ठरल्या वेळी. सकाळी बोलत बसलेली बाई दुपारी घोंगड्यांच्या ढिगाखाली दातावर दात आपटत असायची, मग अंग तव्यासारखं तापायचं, मग घामाने चिंब होऊन गळून जायची. मधला एक दिवस बरा जाई, आणि त्या बऱ्या दिवसाचीच मला जास्त धास्ती वाटे, कारण दुसऱ्या दिवशी काय होणार ते ठाऊक असे. वैद्याचे काढे झाले. कडूनिंबाची अंतरसाल उकळून झाली. दर्ग्यातला गंडा दंडाला बांधून झाला. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. मी भ्यालो होतो, अगदी मनापासून भ्यालो होतो. आणि भीती कोणाला सांगावी तर ती जिला सांगत आलो तीच अंथरुणावर.

गिरजाचं माहेर अमरावतीचं, अंबादेवीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. तिचं एकच म्हणणं होतं, "मले अंबादेवीच्या पायाशी न्या, मंग मी उठते." पण नेणार कसं? भाद्रपदातली ती काळी माती. बैलगाडीचं चाक एकदा रुतलं की आसापर्यंत आत जातं, आणि वाटेतल्या ओढ्यांना कमरेएवढं पाणी. गाडीत बसायचं त्राण तरी तिच्यात कुठे होतं? म्हणून मला तो प्रश्न पडला. देवी तिकडे अमरावतीला, आम्ही इकडे, आणि मध्ये सगळा चिखल.

माझी आत्या आमच्याकडेच राहायची. तिने यावर तोड काढली. चिखलदऱ्याच्या डोंगरावर, कड्याच्या पोटात एक देवी आहे. वरच्या खडकातून बाराही महिने तिच्यावर पाणी ठिबकत असतं. आत्याच्या हिशेबी ती अंबादेवीची धाकटी बहीण. "थोरलीकडं जाता येत नाही त धाकटीच्या कानावर घाल, तिची ओटी भर," आत्या म्हणाली. बहिणीबहिणींचं हे नातं तिने कुठून काढलं ते मी विचारलं नाही. इतका मी टेकीला आलो होतो. अडचण एवढीच, की भाद्रपदात त्या डोंगरावर एकटा माणूस जात नाही. वाघाची भीती असतेच, आणि त्याहून ढगांची.

अशात छावणीतल्या एका खानसाम्याने निरोप आणला. कापूस खरेदी करणारा एक गोरा साहेब अमरावतीहून आपल्या मित्राकडे येऊन राहिला होता. पावसात कापसाचा धंदा बंद, माणूस रिकामा, आणि त्याला डोंगर बघायचा होता. एकच दिवस, पहाटे वर आणि दिवेलागणीला खाली. मित्र त्याला हसत होता, की या दिवसांत वर ढगाखेरीज काही दिसत नाही. साहेब म्हणत होता, मला ढगच बघायचे आहेत. वाट दाखवणारा कोणी हवा होता. मी पोरवयात मामाबरोबर तट्टांवर भाजी लादून चिखलदऱ्याच्या बंगल्यांवर पुष्कळदा गेलो होतो. मी म्हणालो, वाट मला माहीत आहे. ही बढाई नव्हती. वाट मला खरंच माहीत होती, पण ढग नसतानाची.

गिरजाच्या बऱ्या दिवशी निघायचं ठरलं. आत्याने हिरवा खण, तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी असं सगळं एका फडक्यात बांधून दिलं. निघताना गिरजा खाटेवर उठून बसली. "साहेबाले लय इचारत बसू नका," ती म्हणाली, आणि मग हळूच म्हणाली, "संध्याकायच्या आत या. मले भेव लागते." गिरजा भिते असं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. ते ऐकल्यावर माझे पाय उंबरठ्यातच घुटमळले, पण आत्याने मागून ढकलल्यासारखं केलं आणि मी निघालो.

साहेब तरणाच होता, तांबड्या मिशांचा, कमी बोलणारा. दोन तट्टं आणि ती राखायला मागे एक साईस, एवढाच लवाजमा. घाट सुरू झाला तसा तो बदलला. साग फुलोऱ्यावर आला होता, बांबूच्या बेटांतून पाणी गळत होतं, प्रत्येक वळणाला एखादा पांढरा ओहोळ कड्यावरून उडी घेत होता. साहेब तट्टू थांबवून बघत राही आणि आपल्या भाषेत स्वतःशीच काही पुटपुटे. मी गिरजाची सूचना जितकी पाळवली तितकी पाळली. अर्धा घाट चढेपर्यंत. मग मात्र विचारलंच, की साहेब, या झाडाझुडपांत तुम्हाला असं काय दिसतंय?

तो मोडक्या हिंदुस्थानीत सांगू लागला. विलायतेच्या उत्तरेला स्कॉटलंड नावाचा मुलूख आहे, आणि त्याच्या कडेला समुद्रात त्याचं गाव, एका बेटावर. डोंगर तिथे जमिनीतून उगवत नाहीत, थेट समुद्रातून वर येतात. मधल्या खोलगटांत तळी. पाऊस जवळजवळ रोजचा. काल दारासमोर असलेला डोंगर आज नसतो, ढगात जातो, आणि परवा परत येतो. त्याचा बाप तिथला वाटाड्या होता. उन्हाळ्यात शहरांतले धनवंत लोक बेट बघायला येत. बाप त्यांना आधी नावेतून आणि मग पायी हिंडवी, एका दिवसात डोंगर, तळी, कडे सगळं दाखवी आणि अंधार पडायच्या आत परत आणून सोडी. साहेब हसून म्हणाला, की आज तू माझा बाप आहेस.

मग मला कोण अडवणार? चहूकडे पाणी तर शेतं कुठे? पाणी खारट तर गुरं पितात काय? आणि नुसता डोंगर बघून माणसाला मिळतं काय? हा शेवटचा प्रश्न ऐकून तो मोठ्याने हसला. त्याचा बापही म्हणे जन्मभर हाच प्रश्न विचारत होता आणि जन्मभर लोकांना डोंगर दाखवत होता.

घाटमाथ्यावर साईसाकडे तट्टं सोपवून आम्ही पायी निघालो. पठाराच्या एका टोकाशी साहेबाने मला थांबवलं आणि खाली बोट दाखवलं. सगळी दरी ढगाने काठोकाठ भरली होती, पांढरी, संथ हलणारी, आणि तिच्यातून पलीकडच्या डोंगरांचे हिरवे माथे तेवढे वर आले होते. तो म्हणाला, हा बघ समुद्र, आणि ती बघ बेटं. समुद्र मी आजतागायत पाहिलेला नाही. पण बेट म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, आणि घरी आजारी माणूस असतानाही क्षणभर माझ्या मनाला निव्वळ आनंद झाला. नंतर त्याची लाज वाटली. आता नाही वाटत.

बघता बघता तो समुद्र वर चढला. आधी पायांशी आला, मग कमरेपर्यंत, आणि मग हातातली काठीही दिसेना. मी साहेबाला म्हणालो, घाबरू नका, देवीच्या झऱ्याकडे नेतो. आम्ही सपाटीवरची माणसं. धुक्यात शेतातून घरी यायचं तर आम्ही वारा धरतो. भाद्रपदातला वारा पश्चिमेचा. तो डाव्या गालावर घेत चाललं की तोंड उत्तरेला, एवढं साधं गणित आमच्या हाडीमांशी असतं. मी वारा डाव्या गालावर धरला आणि निघालो. पठाराच्या कडेला वारा पश्चिमेचा राहत नाही, दरी जिकडे तोंड करील तिकडून तो वर येतो, हे मला कोण सांगणार? आमच्या वावरात दरी कुठे असते? मी इमानाने वारा गालावर ठेवून चालत राहिलो, आणि मोडक्या फांदीचं एक जांभळीचं झाड आम्हाला पुन्हा पुन्हा भेटत राहिलं.

ते झाड परत समोर आलं तेव्हा मी ओळखलं. हा चकवा होता. आमच्याकडे रानात माणसाला चकवा लागतो. ओळखीची वाट फिरवून फिरवून त्याच जागी आणते, आणि माणूस हट्टाने चालत राहिला तर त्याला विहिरीत नाही तर कड्यावरून घालते. मला सगळं एकदम आठवलं. माझ्या भरवशावर आलेला परका माणूस, घरी वाट बघणारी गिरजा, उद्याचं हिव, आणि काखेतलं ओटीचं गाठोडं. मला देवीचा राग आला. मनात म्हणालो, तुझ्याच दारी येतोय आणि तूच वाट पुसतेस? मग तुझ्या थोरल्या बहिणीला काय ऐकू जाणार?

चकव्यावरचा उपाय आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतो. चालणं सोडायचं. अंगातलं काढून उलटं घालायचं, डोक्याचा पटका सोडून उलटा बांधायचा, आणि कुळदेवीचं नाव घेऊन जागच्या जागी बसायचं, मन निवेपर्यंत. पण साहेबासमोर हे करायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाट चुकलेला वाटाड्या, वर अंगातली बंडी उलटी करून बसलेला. चार पावलं आणखी टाकावीत, कदाचित सापडेल, असंही वाटलं. पण पाय उचलेना. शेवटी लाज सोडली, ओली बंडी काढली, उलटी करून घातली आणि चिखलात फतकल मारून बसलो. साहेबाला म्हणालो, वाट चुकली, मला माफ करा.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने कोटाच्या गुंड्या काढल्या, कोट उलटा केला, आतलं तांबडं अस्तर बाहेर आणून तो अंगात घातला आणि माझ्याशेजारी बसला. आता बघत राहायची पाळी माझी होती. तो सांगू लागला, की बेटावर ढगात वाट फिरली की लोक म्हणतात, डोंगरातली न दिसणारी माणसं आपल्याला खेळवताहेत. त्याचा बाप अशा वेळी कोट उलटा करी. एकदा बापाबरोबरचा एक बडा गृहस्थ त्यावरून त्याला फार टाकून बोलला होता. बापाने घरी येऊन ते सांगितलं तेव्हा त्याची मान खाली होती. "रास्ता दिखानेवाले को गाली नहीं देना," साहेब म्हणाला.

माझी भीती एकाएकी ओसरली आणि तिच्या जागी नवल आलं. त्याचं बेट कुठे, आमचं वऱ्हाड कुठे, आणि उपाय एकच? ही गोष्ट कोणी कोणाला सांगितली असेल? आम्ही दोघंही हसू लागलो. कोट उलटा करताना त्याच्या खिशातलं सगळं गवतात सांडलं होतं, ते मी वेचून देऊ लागलो. चिलीम होती, चाकू होता, आणि बुचाची एक छोटी बाटली, तिच्यात पांढरी भुकटी. माझं तोंड गप्प कसं बसणार? मी विचारलं, "साहेब, हे काय?"

तो म्हणाला, ठरावीक दिवशी थंडी वाजून येणाऱ्या तापाचं औषध. त्याला स्वतःला गेल्या वर्षी तो ताप आला होता, तेव्हापासून जवळ बाळगतो. एका झाडाच्या सालीपासून करतात. मी म्हणालो, कडूनिंबाच्या? तो म्हणाला, नाही, फार लांबच्या मुलखातल्या झाडाच्या. मी बाटली परत करायला हात पुढे केला, पण बोटं काही उघडेनात. साहेबाने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "घर में कौन बीमार है?" त्याने विचारलं.

सकाळपासून मी त्याला शंभर गोष्टी विचारल्या होत्या आणि आपली एक सांगितली नव्हती. आता मला रडू कोसळलं. मी सांगितलं, गिरजाचं दिवसाआडचं हिव, अमरावतीचा चिखल, काखेतली ओटी, सगळं. त्याने माझी मूठ तशीच मिटली आणि औषध कसं द्यायचं ते नीट समजावलं. ताप उतरून घाम आला की गुळाच्या पाण्यात चिमूटभर, आणि हिवाची पाळी चुकली तरी बंद करायचं नाही. स्वतःसाठी खाली छावणीत त्याला दुसरं मिळणार होतं.

मी बाटली कनवटीला लावली आणि उठायला लागलो. हुरूप आला होता. वारा डाव्या गालावर होताच. तेवढ्यात घंटा वाजली, म्हशीच्या गळ्यात असते तशी लाकडी, ठक ठक ठक. आवाज समोरूनच आला, पण आमच्या पायांच्याही खालून. मी उठता उठता थांबलो. समोर सपाट जमीन असेल तर म्हैस खाली कशी? साहेबाने माझा दंड धरला. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, आणि थोड्या वेळाने ढग जरासा विरळ झाला. आमच्या समोर दोन हातांवर गवत संपलं होतं. त्यापुढे काही नव्हतं. खूप खाली एका अरुंद टप्प्यावर एक म्हैस उभी होती आणि मान हलवत होती.

बाजूच्या घळीतून एक गवळण त्या म्हशीला शिव्या घालत वर येत होती, ती आम्हाला बघून थबकली. चाळिशीची असेल, कपाळभर कुंकू, डोक्यावर पानांचं इरलं. "इथं काहून बसले बाप्पा?" ती म्हणाली. "इथं त गुरंबी येत नाहीत. हे येडी आज इकडं कशी वयली कोण जाणे." मग तिची नजर माझ्या बंडीकडे गेली, साहेबाच्या तांबड्या अस्तराकडे गेली, आणि ती पदर तोंडाला लावून हसली. "चकवा लागला व्हय? बरं झालं बसले. चालत राह्यले असते त चकवा लागला हे सांगायले कोणी उरलं नसतं."

मी देवीचा झरा विचारला. तो अगदी उलट्या अंगाला राहिला होता, आणि तिकडे गेलो असतो तर घाट उतरायला उजेड उरला नसता. गिरजाने संध्याकाळच्या आत बोलावलं होतं. मी गाठोड्याकडे पाहिलं, त्या बाईच्या कुंकवाकडे पाहिलं, आणि म्हणालो, "बाई, पदर पुढं करता का?"

"मले काहून? देवीले भरा ना."

"देवीपर्यंत पोचता नाही येत आज," मी म्हणालो.

तिने घरच्या हळदीकुंकवाला आल्यासारखा पदर पसरला. मी खण, तांदूळ, नारळ त्यात घातलं आणि वाकून नमस्कार केला. तिने आम्हाला घाटमाथ्यापर्यंत आणून सोडलं, आणि सबंध वाट ती त्या म्हशीला बोलतच होती.

उलटं केलेलं वस्त्र आपल्या घरच्या उंबरठ्यापर्यंत सरळ करायचं नसतं. साहेबानेही तो नियम पाळला. छावणीच्या नाक्यावर पहारेकऱ्याने त्या तांबड्या अस्तराला सलाम ठोकला तेव्हा साहेब मोठ्या रुबाबात तट्टावर बसला होता. मी घरी पोचलो तेव्हा आत्या दिवा लावत होती. गिरजा खाटेवरून दाराकडेच बघत होती. तिने मला पाहिलं, बंडीच्या बाहेर आलेल्या शिवणी आणि लोंबणारे धागे पाहिले, आणि ती हसली. श्रावणापासून पहिल्यांदा हसली. हसता हसता तिला खोकला आला, तरी हसतच राहिली. आत्याने विचारलं, "भरली का ओटी?" मी म्हणालो, "भरली." त्या दिवशी तेवढंच बोलून मी गप्प राहू शकलो.

मी बंडी सरळ करायला हात घातला तशी गिरजा म्हणाली, "राहू द्या तशीच. माहा चकवा कुठं सुटला अजून?"

मग मी ती उलटीच ठेवली. दुसऱ्या दिवशी हिव आलं. घाम सुटल्यावर मी गुळाच्या पाण्यात भुकटी दिली. तिने तोंड वाकडं केलं. "देवीचं असतं त उलीसक तरी गोड असतं," म्हणाली, पण प्यायली. पुढची पाळी हलकी गेली. त्याच्या पुढची आली आणि मी दारात बसून राहिलो, दुपार टळली, सावल्या लांबल्या, आणि आत गिरजा आत्याशी कशावरून तरी भांडत होती. ते भांडण ऐकत मी अंगणात बसून रडलो. माझी बंडी मात्र तिने सरळ करू दिली नाही. अंबादेवीपुढेच करायची, असा तिने हेका धरला. बाजारात लोक मला म्हणत, कापसाच्या पैशानं गावाची डोकी उलटी झाली, माळ्याची बंडीच काय ती राहिली होती. मी ऐकून घेत असे.

पाऊस ओसरल्यावर मी भाजीची पाटी घेऊन पुन्हा डोंगरावर गेलो. देवीच्या झऱ्याशी बसलो, आणि मग त्या गवळणीचा गोठा शोधून काढला. ती सापडेल की नाही याची मला उगाच शंका होती, पण ती चांगली दारातच होती, शेण काढत. तिच्या अंगात हिरव्या खणाची नवी चोळी होती. मी तिला विचारलंच, की त्या दिवशी म्हैस त्या कड्याखाली का गेली असेल? "मले काय इचारता," ती म्हणाली, "ते काय तिथं बांधली हाय, तिले इचारा." मी खरोखर त्या म्हशीपाशी जाऊन उभा राहिलो. ती रवंथ करत होती. बराच वेळ तिच्याकडे बघितलं आणि परत फिरलो.

नवरात्रात वाटा वाळल्या आणि आम्ही गाडी जुंपली. अमरावतीला आधी साहेबाच्या बंगल्यावर गेलो. गिरजाने आमच्या बांधावरचा झेंडू त्याच्या टेबलावर ठेवला आणि लाजून माझ्यामागे उभी राहिली. साहेबाने तिच्याकडे पाहिलं, माझ्या बंडीकडे पाहिलं, आणि विचारलं, "अभी तक उलटा?" मी म्हणालो, आज सरळ होणार आहे. त्याने मान डोलावली आणि खिडकीबाहेर बघू लागला. त्याला त्याचा बाप आठवला असावा.

अंबादेवीच्या देवळात त्या दिवशी रेटारेटी होती. दर्शन घेऊन गिरजाने मला बाजूच्या ओट्यापाशी नेलं, बंडी काढायला लावली आणि ती आपल्या हाताने सरळ केली. मनात इतके दिवस घोळत असलेलं मी तेव्हा बोललो. म्हणालो, "गिरजे, तू म्हणायचीस, देवीच्या पायाशी न्या, मग मी उठते. तू तर आधी उठलीस आणि मग आलीस. मग तिला तिकडे डोंगरावरून ऐकू गेलं म्हणायचं का? एवढ्या लांबून?"

ती बंडीच्या शिवणी आत दुमडत होती. मान वर न करता म्हणाली, "ती त कवाची बोलून राह्यली होती. तुमीच ऐकाले कवा बसले?"

तिने बंडी माझ्या अंगात चढवली, बंद बांधले, आणि गर्दीतून वाट काढत आम्ही गाडीकडे निघालो.